कुळागरातला दीड मिलिमीटरचा सहाडोळ्या कोळी: ही नवी जाती आहे असे केव्हा म्हणता येते?

वाळपईकर (प्रश्न)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचे वडिलोपार्जित कुळागर आहे: पोफळी, त्यांवर चढलेली मिरी, मधून केळी आणि व्हाळाच्या कडेला दोन जायफळे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. कोळ्यांचा माझा अभ्यास नाही, पण पोफळीखालचा कुजका पाचोळा मूठभर घेऊन पांढऱ्या ताटात पसरायचा आणि त्यात काय हलते ते पाहत बसायचे, ही सवय मला गेल्या पावसाळ्यापासून लागली आहे. या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या ताटात एक नारिंगी ठिपका थांबत थांबत धावताना दिसला आणि भिंगाखाली तो कोळी निघाला. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर, पोटावर तकतकीत ढाल आणि डोळे फक्त सहा, तेही एकमेकांना खेटून बसलेले. पुढच्या तीन रविवारी मिळून असे नऊ कोळी हाती आले. ते मी औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्पिरिटमध्ये एका बाटलीत ठेवले आहेत.

छायाचित्रे निसर्गनोंदींच्या एका संकेतस्थळावर टाकली, तेव्हा हा ऊनोपिडी कुलातला असावा एवढेच उत्तर आले. त्यापुढे कोणी जाईना. भारतातील कोळ्यांच्या जेवढ्या छायाचित्रांशी मी ताडून पाहिले, त्यांत याच्यासारखा एकही नाही. आमच्या एका स्नेह्यांचे ठाम मत आहे की ही नवी जातीच आहे, आणि त्यांच्या ओळखीचे एक वार्ताहर बातमी द्यायला आतुर आहेत. मला मात्र घाई करायची नाही. म्हणून तीन गोष्टी विचारतो. जाती नवी आहे हे नेमके कशावरून ठरते? डीएनए तपासणी केल्यावाचून चालत नाही का? आणि खरोखरच नवी निघाली तर हे कुळागर जिने लावले त्या माझ्या आजीचे नाव तिला देता येईल का?

पाचोळा

आपण घाई केली नाहीत हे उत्तम झाले. मी बरीच वर्षे पाचोळ्यातले कोळी पाहत आलो आहे आणि "हा कुठल्याच छायाचित्राशी जुळत नाही" हे वाक्य दर पावसाळ्यात निदान चारदा तरी ऐकतो. छायाचित्राशी जुळत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्या जातीचे जिवंतपणी कोणी छायाचित्र काढलेले नाही. ऊनोपिडी कुलात तर हे अधिकच खरे आहे, कारण हे कोळी एक ते तीन मिलिमीटरचे, पाचोळ्यात आणि सालीखाली राहणारे, आणि त्यांच्या बहुतेक जाती स्पिरिटमधल्या नमुन्यांवरूनच वर्णिल्या गेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कुलात पाचशेच्या आसपास जाती ठाऊक होत्या. मग अमेरिकेतील नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या अभ्यासकांनी एकत्र येऊन काम केले आणि आता ही संख्या दीड हजाराच्या पुढे गेली आहे. तेव्हा आपल्या कुळागरात अवर्णित जाती असणे मुळीच अशक्य नाही. ती अवर्णित आहे हे सिद्ध करणे, खरे कष्टाचे काम तेच आहे.

पहिला प्रश्न माझाच: नऊंपैकी नर किती? कोळ्याच्या तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन आखूड अवयव असतात, त्यांना आम्ही पाल्प म्हणतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाल्पचे टोक फुगलेले असते, मुष्टियोद्ध्याने हातमोजा घालावा तसे. शुक्राणू साठवून मादीपर्यंत पोहोचवण्याचे काम हा अवयव करतो आणि त्याची घडण जातीगणिक बदलते. रंग, ठिपके, आकारमान ही सारी लक्षणे एकाच जातीत कमीजास्त होतात. पाल्पची घडण सहसा बदलत नाही, म्हणून कोळ्यांचे वर्गीकरण प्रामुख्याने तिच्यावर आणि मादीच्या जननांगावर उभे आहे. पिल्लांवरून जाती सांगता येत नाही, ती नवी आहे असे तर मुळीच म्हणता येत नाही. त्यात ऊनोपिडींची आणखी एक अडचण अशी की इतर बहुतेक कोळ्यांच्या मादीला पोटाखाली जी ठळक कठीण पट्टी दिसते ती यांच्या मादीला नसते. जननांग आतच असते आणि तेही साधे. नराशिवाय या कुलात पुढे जाणे जिकिरीचे ते याचमुळे.

दुसरे, पुढच्या पायाचा गुडघ्याचा पेर नीट मोजा. तो त्याच्या पुढच्या, नळीच्या पेराएवढाच लांब भरत असेल आणि नऊच्या नऊ माद्याच असतील, तर ट्रायएरिस स्टेनॅस्पिस या जातीचा संशय आधी घ्यायला हवा. फ्रेंच अभ्यासक सिमों यांनी १८९२ साली तिचे वर्णन केले, तेही कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या नमुन्यांवरून. आज ती उष्ण प्रदेशांत सर्वदूर आढळते आणि युरोपातल्या तापवलेल्या काचघरांतही कुंड्यांतून पोहोचली आहे. तिचा नर आजवर कोणाला सापडलेला नाही. माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि त्यांतून माद्याच निपजतात. अशी एकच मादी रोपाच्या मातीतून कुठेही गेली तरी तिचा वंश चालतो. आपल्या कुळागरात बाहेरून आणलेली रोपे कधी लावली होती का, हे आठवून पाहावे.

डीएनएविषयी थोडक्यात. नराची मादीशी जोडी लावायला आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या काढायला तो उपयोगी पडतो, पण नवी जाती म्हणून मान्य होण्यासाठी तो सक्तीचा नाही. शिवाय या कुलातल्या बहुतांश जातींचे अनुक्रम कोणत्याही संग्रहात नाहीत, त्यामुळे "कशाशीच जुळले नाही" या निकालाला इथेही छायाचित्राएवढेच वजन आहे. आणि औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये राहिलेल्या नमुन्यांकडून डीएनएची फारशी आशा धरू नका. त्यासाठी ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोल आणि गारवा लागतो. नुसत्या रचनेच्या अभ्यासाला ७० ते ७५ टक्के पुरते.

जुनी पाने

पाचोळा यांनी जे सांगितले त्याला पुस्तकांच्या बाजूने जोड देतो, कारण माझे आयुष्य ग्रंथालयातच गेले. आधी शब्दांची एक गफलत दूर करतो. वर्तमानपत्रे हल्ली सरसकट "नवी प्रजाती" लिहितात; आपल्या परिभाषेत प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट, आणि आपण बोलत आहोत ती जाती. लॅटिन नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा.

नवेपणाची तपासणी करताना जगभरची यादी समोर ठेवावी लागते आणि कोळ्यांच्या अभ्यासकांना या बाबतीत दैवाने झुकते माप दिले आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालय जागतिक कोळी सूची चालवते. त्या सूचीत प्रत्येक मान्य नाव, ते कोणी व केव्हा दिले आणि कोणत्या लेखात नराची वा मादीची चित्रे आहेत, हे सारे नोंदलेले आहे. संकेतस्थळावर आपले नाव नोंदवले की बरेचसे मूळ लेखही विनामूल्य उतरवून घेता येतात. एप्रिल २०२२ मध्ये त्या सूचीने पन्नास हजार जातींचा टप्पा ओलांडला. कीटकांच्या अभ्यासकांना असे काही एका जागी मिळत नाही, हे त्यांनाच विचारून पाहा.

कोळ्यांचा मान आणखी एका बाबतीत मोठा आहे. प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. क्लर्क या स्वीडिश गृहस्थांचे कोळ्यांवरचे पुस्तक १७५७ चे, म्हणजे नियमाने बाद व्हायचे. पण ते इतके चांगले होते की नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने ते १ जानेवारी १७५८ रोजी प्रसिद्ध झाले असे मानायचे ठरवले.

आता आपल्या कामाचे. भारतातले जुने वर्णन तपासताना केवळ गोव्यापुरते पाहून भागणार नाही. ट्रायएरिस याच प्रजातीत टिकादर आणि मल्होत्रा यांनी १९७४ मध्ये महाराष्ट्रातल्या जातींचे वर्णन केले. त्यांतल्या दोघींची नावे पुणे आणि नागपूर यांवरून आहेत. पुढे २००५ मध्ये मेळघाटाच्या नावाचीही एक आली. सह्याद्रीच्या या अंगाला जे सापडते त्याची तुलना या सर्वांशी व्हायला हवी. अडचण अशी की जुन्या वर्णनांतली चित्रे आजच्या गरजेच्या मानाने ठोकळ असतात. दोन रेघांत पाल्प आटोपलेला असतो. अशा वेळी ज्या नमुन्यावरून ते नाव दिले गेले तो मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, जिथे असेल तिथे जाऊन पाहण्याला पर्याय उरत नाही. दुसऱ्याचे जुने नाव न तपासता आपले नवे नाव दिले आणि पुढे दोन्ही एकच ठरले, तर आधीचे नाव टिकते आणि आपले समानार्थी म्हणून सूचीच्या तळाशी जाऊन बसते.

आजीच्या नावाबद्दल. देता येते, आणि मला ते आवडेलही. पुरुषाचे नाव असेल तर शेवटी इकार लागतो, बाईचे असेल तर "-ए" हा लॅटिन प्रत्यय, आणि स्थळाचे असेल तर "-एन्सिस". आपल्या वाचकांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे २०२१ मध्ये ठाण्याकडून वर्णिलेला उड्या मारणारा कोळी, आयशियस तुकारामी. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात अतिरेक्याची बंदूक न सोडता प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे ते नाव. स्वतःचेच नाव देण्याला संहितेत बंदी नाही, पण तसे कोणी करत नाही. पंगतीत स्वतःच स्वतःला आग्रह करण्यासारखे ते दिसते.

वार्ताहरांना मात्र थांबवा. वर्णनाशिवाय छापून आलेले नाव संहितेच्या दृष्टीने नावच नव्हे. वर, ते एकदा फुटले की नंतर प्रत्येक जण त्यावरून घोळ घालतो.

हद्दीचा दगड

मी विचारात असलेल्या प्राण्याविषयी काहीच सांगू शकत नाही, पण कागदपत्रांचा अनुभव आहे. कुळागर आपले असले तरी ते म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येते की नाही हे आधी पाहून घ्यावे. १९९९ मध्ये अधिसूचित झालेल्या त्या अभयारण्याच्या पोटात सत्तरीतली वस्तीची गावे आणि बागायती आहेत. हद्दीत येत असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीखेरीज तिथून नमुने उचलता येत नाहीत; कोळी दीड मिलिमीटरचा आहे, ही सबब चालणार नाही. हद्दीबाहेर असेल तर या कायद्याची ही अट लागू होत नाही.

दुसरा कायदा २००२ चा, जैवविविधतेचा. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे नवी जाती सापडल्यास नेमून दिलेल्या भांडारसंस्थेला कळवावे लागते आणि नमुने तिथे जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, गोव्याहून रात्रीच्या बसने सकाळी पोहोचता येते. नामकरणाच्या संहितेचीही १९९९ नंतरच्या नावांसाठी अट आहे की होलोटाइप स्पष्टपणे नेमलेला असावा आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे वा ठेवणार आहोत, हे लेखातच नमूद असावे. परदेशातल्या एखाद्या तज्ज्ञाने "मला दोन नमुने टपालाने पाठवा" असे आपुलकीने लिहिले, तरी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या नियमांची खातरजमा झाल्याशिवाय पाकीट बंद करू नये.

बाटलीत चिठ्ठी घातली आहे ना? आपण तिचा उल्लेख केलेला नाही, म्हणून विचारतो.

वाळपईकर

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व. चिठ्ठीचा प्रश्न वाचून मी त्याच रात्री बाटली काढली. चिठ्ठी होती, आत होती, आणि कोरी होती. मी बॉलपेनने लिहिले होते. स्पिरिटने शाई सारी पुसून नेली आणि त्यालाही फिकट निळी झाक आली. कोणता कोळी कोणत्या रविवारचा हे आता सांगता येणार नाही. कुळागर आमचे अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, ते तलाठ्यांकडच्या नकाशावरून पक्के केले.

मग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली नऊही नमुने एकेक करून पाहिले. एकाचाही पाल्प फुगलेला नाही. सात जणांचा पुढचा गुडघ्याचा पेर खरोखरच लांबलचक आहे, नळीच्या पेराच्या जवळपास तेवढाच. उरलेल्या दोघांचा मात्र आखूड आहे, पोटावरची ढालही अगदी लहान आहे, आणि त्यांच्या पुढच्या पायांच्या खालच्या बाजूला काट्यांच्या जोड्या दिसतात. म्हणजे मी ज्यांना एक समजत होतो ते दोन निघाले आणि मी त्यांना एकाच बाटलीत घालून ठेवले होते.

पाचोळा यांच्या सांगण्यावरून नर शोधायचे ठरवले. दोन लिटरची पाण्याची बाटली मधोमध कापली, वरचा भाग उलटा करून नरसाळे केले, त्यात मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बसवला, वर चाळलेला पाचोळा आणि त्यावर चाळीस वॅटचा दिवा. खाली अल्कोहोलची वाटी. पाचोळा वरून सुकत जातो तसे आतले जीव ओलाव्याच्या ओढीने खाली सरकतात आणि पडतात. पहिल्या दिवशी नुसत्या मुंग्या आणि टुणटुण उड्या मारणारे स्प्रिंगटेल. आईने दोनदा विचारले की दिव्याखाली कचरा का शिजवतो आहेस. तिसऱ्या खेपेला एक नर मिळाला. शरीर फिकट नारिंगी, पायांखाली त्याच काट्यांच्या जोड्या, आणि दोन्ही पाल्पची टोके काळीभोर, शाईत बुडवून काढल्यासारखी. बाकीचा देह इतका फिका असताना एवढाच भाग का काळा, हे मला कळत नाही. हा त्या दोन माद्यांचा जोडीदार समजावा का?

पाचोळा

ही वार्ता वाचून आज दुपारचे जेवण थंड झाले. एकेक घेऊ.

लांब गुडघ्याच्या सात माद्या स्टेनॅस्पिसच असण्याचा संभव मोठा आहे. त्यांचे वाईट वाटून घेऊ नका. नव्या नसल्या तरी त्या गोव्याची नोंद म्हणून मोलाच्या आहेत, आणि पुणे-नागपूरच्या जुन्या वर्णनांशी तुलना करायला उपयोगी पडतील. नऊही डोळ्यांसमोर असताना नर एकही नव्हता, हे त्या संशयाला धरूनच आहे.

काळे पाल्प, लहान ढाल आणि पायांखाली काट्यांच्या जोड्या ही लक्षणे इश्नोथायरियस प्रजातीची आहेत. तिच्या नरांचे पाल्प टणक कवचाने घट्ट झालेले असतात, म्हणून काळे दिसतात. या प्रजातीचा मूळ विस्तार आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा, तरी इथेही आधी प्रवासी पाहुणा बाद करावा लागेल: इश्नोथायरियस पेल्टिफर. गंमत पाहा, पूर्वेकडचा असूनही त्याचेही पहिले वर्णन सिमों यांनी १८९२ मध्ये त्याच सेंट व्हिन्सेंट बेटावरून केले. आपल्याकडचा जीव जहाजाने तिकडे गेला आणि तिकडचा रहिवासी म्हणून शास्त्रात दाखल झाला. पेल्टिफरच्या पाल्पची चित्रे अलीकडच्या लेखांत उत्तम आहेत. आपला नर त्याच्याशी जुळला तर प्रश्न तिथेच मिटतो. नाही जुळला तर आशियातल्या प्रत्येक वर्णित नराशी, चित्राला चित्र लावून, ताडावे लागेल.

त्यासाठी पाल्पचे चित्र चांगले हवे. प्रघात डाव्या पाल्पचा आहे. तो सर्वात बारीक सुईने मुळाशी सोडवून घ्यावा, उजवा शरीरावरच राहू द्यावा. तीन बाजूंनी चित्र काढायचे: आतली, खालची आणि बाहेरची. दीड मिलिमीटरच्या कोळ्याच्या पाल्पचे टोक म्हणजे मिठाच्या कणाहून लहान गोष्ट, त्यामुळे एका छायाचित्रात सगळे स्पष्ट येत नाही. थोडेथोडे फोकस सरकवत वीसतीस छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करतात. माद्यांच्या पोटाखालचा भाग पारदर्शक करायला आपल्याला दूर जायला नको, लवंगेचे तेल पुरते. दात दुखल्यावर लावायचे तेच. त्यात थोडा वेळ बुडवून ठेवले की आतले जननांग काचेखाली उतरते.

आता जोडीदाराचा प्रश्न. एकाच पाचोळ्यात सापडले एवढ्यावरून नर-मादी एक धरू नका. आपण नुकतेच पाहिले की एकाच मुठीत दोन प्रजाती होत्या. काट्यांची संख्या आणि मांडणी दोघांत सारखी आहे का ते मोजा. ती जुळली तरी लेखात "बहुधा" हाच शब्द वापरावा लागेल, आणि इथेच डीएनए खरोखर कामाला येईल. होलोटाइप कोणता करायचा ते तर उघड आहे, तो नरच. पण एका नरावर वर्णन लिहू नये असे माझे मत आहे. निदान चारपाच नर जमवा, कारण एकच नमुना असला की त्याचे व्यंगही लक्षण म्हणून छापले जाते. अशी एक जाती मला ठाऊक आहे, नाव सांगत नाही, जिचे "वैशिष्ट्य" पुढे तुटलेला काटा निघाले.

आणि कृपा करून हा नर त्या जुन्या बाटलीत टाकू नका.

वाळपईकर

टाकला नाही. प्रत्येकाला वेगळी कुपी दिली आहे आणि चिठ्ठ्या शिसपेन्सिलने लिहून आत घातल्या आहेत: तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, पोफळीचा पाचोळा, तारीख, कोणी गोळा केला. जुन्या नऊंच्या चिठ्ठ्यांवर तारखेच्या जागी "जून, नेमका दिवस अज्ञात" असे लिहिले. ते लिहिताना हात जड झाला, पण आठवणीवरून तारखा घालणे बरे वाटले नाही.

काटे मोजले. नराच्या पुढच्या नळीच्या पेराखाली चार जोड्या आहेत, दोन्ही माद्यांच्याही चारच. आकुर्डीच्या केंद्राला पत्र पाठवले आहे. वार्ताहरांना सांगितले की अजून काही नाही. बाटलीचे नरसाळे आता गोठ्याच्या कोपऱ्यात हलवले आहे, आईची तक्रार नको म्हणून. आज व्हाळापलीकडच्या, जिथे कधी बाहेरचे रोप लागलेले नाही अशा बाजूचा पाचोळा दिव्याखाली आहे.